आमच्या पीएचसीचं एनक्यूएएस मानांकन: पहिल्या बैठकीपासून निकालापर्यंत

गेल्या काही महिन्यांत आसपासच्या तालुक्यांतल्या तीन-चार वैद्यकीय अधिकाऱ्यांचे फोन आले. सगळ्यांची मागणी एकच: ‘मॅडम, तुमच्या एनक्यूएएसच्या फाइल्स पाठवता का?’ एनक्यूएएस ही सरकारी दवाखान्यांच्या दर्जाची राष्ट्रीय मानकं, त्यांवर उतरलं की मानांकन मिळतं. मी फाइल्स पाठवते. पण नुसत्या फाइल्स बघून माणूस जास्त घाबरतो. मलाही ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाने पेनड्राइव्ह भरून फाइल्स दिल्या होत्या आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती. म्हणून आमच्याकडे काय काय घडलं, ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) घाटाच्या पायथ्याशी आहे. सत्तावीस हजार लोकसंख्या, पाच उपकेंद्रं, सहा खाटा, महिन्याला पंधरा-सोळा बाळंतपणं. रोजची ओपीडी ऐंशीच्या आसपास, बाजाराच्या दिवशी सव्वाशेच्या पुढे. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं दोन, पण या सगळ्या काळातले सात महिने मी एकटीच होते.

११ ऑक्टोबर २०२३ ला जिल्ह्याच्या बैठकीत यादी वाचली गेली आणि त्यात आमचं नाव निघालं. एनक्यूएएस म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं. केंद्राने २०१३ मध्ये ती जिल्हा रुग्णालयांसाठी आणली आणि पुढच्या वर्षी प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठीही. पीएचसीसाठी सहा चेकलिस्ट असतात: ओपीडी, प्रसूतिगृह, आंतररुग्ण विभाग, प्रयोगशाळा, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आणि सामान्य प्रशासन. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण किमान ७० टक्के लागतात, आणि एका विभागात भरपूर मिळवून दुसऱ्यात नापास झालेलं चालत नाही. आधी जिल्हा तपासतो, मग राज्य, मग बाहेरच्या राज्यांतले दोन परीक्षक येतात. मानांकन तीन वर्षांचं असतं. पीएचसीला दर वर्षी तीन लाख रुपये मिळतात.

हे घरी सांगितलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. कॉलेजातल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर तिने सरळच विचारलं, ‘आम्ही नर्सिंग होमसाठी एनएबीएचचं मानांकन करतो ते विमा कंपन्यांच्या पॅनेलवर राहायचं म्हणून. तुझ्याकडे तर पेशंट तसेही येणारच. तुला कशाला हा खटाटोप?’

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. वरून सांगितलंय म्हणून करायचं, एवढंच माहीत होतं.

२६ आणि २७ ऑक्टोबरला आम्ही आमचंच मूल्यमापन केलं. जिल्ह्याच्या गुणवत्ता समन्वयक ताई मदतीला आल्या होत्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझा चेहरा उतरला होता. अग्निशामक नळकांड्याची मुदत संपून चौदा महिने झालेले. बीपीच्या चार यंत्रांपैकी एकाचंही कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र अचूक मोजतं का याची तपासणी, झालेलं नव्हतं. पाण्याच्या तपासणीचा अहवाल सापडत नव्हता. केसपेपरच्या खिडकीवर जुन्या शुल्काचा फलक तसाच लटकत होता. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. आम्ही पैसे घेणं बंद केलं होतं, फलक मात्र कुणी काढला नव्हता. गावातून पहिल्यांदाच येणाऱ्या बाईने तो वाचून काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहाची पाळी होती. ताई, मी आणि आमच्या सिस्टर. एकेक मुद्दा वाचला जात होता: सात ट्रे आहेत का, बाळासाठी वॉर्मर चालू आहे का, पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते त्याचा तक्ता, भरला जातो का. मग मुद्दा आला प्रसूतीच्या वेळी बाईच्या खासगीपणाचा. मी म्हटलं, ‘पडदा आहे.’ ताईंनी वहीत काही लिहिलं नाही. म्हणाल्या, ‘डॉक्टर, जरा टेबलावर झोपून बघता का?’

मी झोपले. गेली अडीच वर्षं मी त्या टेबलाच्या पायथ्याशी उभी राहत होते, शेकडो वेळा. डोकं ठेवून वर कधी पाहिलं नव्हतं. पाय वर घेतल्यावर समोर बरोबर खिडकी येते. खिडकीची खालची काच फुटली म्हणून कधीतरी साधी काच बसवलेली. त्या काचेतून कंपाउंडबाहेरचं लिंबाचं झाड दिसत होतं, आणि झाडाखालच्या पारावर बसलेले तीन पुरुष. एसटीची वाट बघणारे. त्यांना आतलं किती दिसत असेल ते मला माहीत नाही. पण टेबलावर झोपलेल्या बाईला ते दिसत होते. कळा देत असताना, सगळा वेळ.

सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, बाया डोळे गच्च मिटून घेतात. मला वाटायचं कळांमुळे.’

खिडकीला दुधी फिल्म लावायला ११०० रुपये लागले आणि आडव्या पडद्याला २६००. काम दोन दिवसांत झालं. त्याआधीच्या किती बाळंतपणांत ही खिडकी उघडी होती, याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

आमचे एकूण गुण आले ४९ टक्के. त्या रात्री मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला थोडंसं कळलं होतं.

नोव्हेंबरपासून कामाला लागलो. सुरुवातीची चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. मी सहाही चेकलिस्टा स्वतःकडे ठेवल्या. दिवसा ओपीडी, रात्री फाइल्स. तीन आठवड्यांत मी चिडचिडी झाले आणि स्टाफने अंग काढून घेतलं, कारण त्यांच्या दृष्टीने हे ‘मॅडमचं काम’ होतं. एका सोमवारी औषध निर्माण अधिकारी भाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘मॅडम, कागद वाढणार ते आमच्याच डोक्यावर. यातलं पेशंटच्या उपयोगाचं किती?’ तेव्हा मला राग आला होता. घरी गेल्यावर वाटलं, प्रश्न बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी चेकलिस्टा वाटून टाकल्या. प्रयोगशाळा तंत्रज्ञांकडे, प्रसूतिगृह सिस्टरांकडे, राष्ट्रीय कार्यक्रम आरोग्य सहायकांकडे, प्रशासन क्लार्ककडे, आंतररुग्ण विभाग दुसऱ्या सिस्टरांकडे, आणि ओपीडीची भाऊंकडेच. प्रत्येकाने आठवड्याला आपापल्या यादीतले पाच मुद्दे बंद करायचे, शनिवारी दुपारी चहाबरोबर अर्धा तास बसायचं. ही पद्धत शेवटपर्यंत टिकली.

ज्या गोष्टींना वेळ लागतो त्या आधी हातात घ्या. आमच्या बावीस कर्मचाऱ्यांपैकी नऊ जणांची कावीळ ब ची लस अपुरी होती. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. पहिला डोस नोव्हेंबरात दिला म्हणून तिसरा मे महिन्यात पूर्ण झाला. हे काम एप्रिलमध्ये सुरू केलं असतं, तर राज्याच्या तपासणीपर्यंत झालंच नसतं. तसंच कॅलिब्रेशनचं. यंत्रं न्यायला माणूस यायला सात आठवडे लागले, खर्च आला ९२००. जैव-वैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र, पाण्याचा अहवाल, अग्निशमन यंत्रं भरून घेणं, या सगळ्यांची पत्रं पहिल्याच महिन्यात धाडा आणि पोच घेऊन फाइलला लावा. परीक्षक अपूर्ण काम समजून घेतात. पाठपुरावाच केलेला नसेल, तर गुण जातातच.

पत्रांवरून आठवलं. मोठी गोष्ट मला तेव्हा उमगली. प्रसूतिगृहाला लागून शौचालय नव्हतं. कळा चालू असलेल्या बाईला व्हरांडा ओलांडून मागे जावं लागे, पावसाळ्यात चिखलातून. याबद्दल माझ्या आधीच्या डॉक्टरांनी पत्रं लिहिली होती, मीही लिहिली होती. उत्तर आलं नव्हतं. आता त्याच मागणीबरोबर मी चेकलिस्टचं पान जोडलं, मुद्द्याखाली रेघ मारली आणि लिहिलं की हे नसेल तर केंद्राचे इतके गुण जातात. तीन आठवड्यांत माणूस मोजमाप घ्यायला आला. नुसती अडचण सांगितली तेव्हा कुणी हललं नव्हतं. राष्ट्रीय मानकातली त्रुटी म्हटल्यावर कागद पुढे सरकला. मानांकन का करावं असं आता कुणी विचारलं, तर मी हे पहिलं सांगते. आपल्या पेशंटसाठी मागायचं बळ त्यातून येतं.

फेब्रुवारीत तांत्रिक मंजुरी आली. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि काम थांबलं. ६ जूनला ती उठली तोवर पाऊस तोंडावर होता. ते अडीच-तीन महिने फार जड गेले. अर्धा खणलेला पाया, त्यावर ताडपत्री, आणि रोज त्याच्या बाजूने चालत जाणाऱ्या बाया. एप्रिलमध्ये एक पहिलटकरीण तिथे घसरली. लागलं नाही, पण तिची सासू माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘बाई, एवढं तरी करा.’ शौचालय पूर्ण झालं २४ जुलैला. आत धरायला दांडा, दार बाहेर उघडणारं, कारण आत बाई कोसळली तर दार उघडता आलं पाहिजे.

याच काळात आम्ही मॉक ड्रिल, म्हणजे आणीबाणीच्या प्रसंगाचा सराव, सुरू केली. दिवसा सगळं ठीक व्हायचं. मग सिस्टर म्हणाल्या, खरी वेळ रात्रीची असते. म्हणून ९ मे ला रात्री दोन वाजता, कुणाला न सांगता, झटके आलेल्या गरोदर बाईची ड्रिल घेतली. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस म्हणजे दहा ग्रॅम, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, एक ग्रॅमच्या दहा अँप्यूल फोडायच्या. औषध होतं, मुदतीतलं होतं. पण ते कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरांच्या पर्समध्ये त्यांच्या घरी गेली होती. किल्ली येऊन सुई टोचेपर्यंत अकरा मिनिटं झाली. आम्ही सगळे त्या रिकाम्या टेबलाभोवती गप्प उभे होतो. खरी बाई असती तर?

दुसऱ्याच दिवशी इमर्जन्सी ट्रे कुलपाबाहेर आला. दहा अँप्यूल, सिरिंजा, सुया एका डब्यात, झाकणावर तारीख आणि तपासणाऱ्याची सही. ऑगस्टपर्यंत तीच ड्रिल साडेतीन मिनिटांवर आली. वेगळा खर्च शून्य. मला विचाराल तर चेकलिस्टमधली सगळ्यात किमती गोष्ट हीच आहे. कुणीही यायच्या आधी, आजच्या रात्रीच ती करता येते.

मधल्या काळातली आणखी एक गोष्ट इथेच सांगते. माझी मावसबहीण न्यू जर्सीत एका फॅमिली डॉक्टरांच्या प्रॅक्टिसमध्ये ऑफिस सांभाळते. जून महिन्यात तिच्याशी बोलताना कळलं की तीही अशाच कामात गुंतली आहे. तिकडे ‘पेशंट सेंटर्ड मेडिकल होम’ नावाची मान्यता असते. एनसीक्यूए ही संस्था २००८ पासून ती देते. पेशंटला त्याच दिवशी भेट मिळते का, त्याचा डॉक्टर ठरलेला आहे का, दुसरीकडे पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय झालं हे तुम्ही शोधता का, असं सगळं त्यांना पुराव्यानिशी दाखवावं लागतं, तेही ऑनलाइन स्क्रीनवर, आणि पुढे दर वर्षी पुन्हा अहवाल द्यावा लागतो. तिच्या डॉक्टरांनी ते हाती घेतलं, कारण विमा कंपन्या आणि मेडिकेअर या तिकडच्या सरकारी विम्याच्या हिशेबात अशा प्रॅक्टिसला फायदा असतो. ती म्हणाली, ‘पैशासाठी सुरू केलं खरं, पण रेफर केलेल्या पेशंटांची यादी काढली तेव्हा डॉक्टरांना घाम फुटला. कितीतरी जण स्पेशालिस्टकडे गेलेच नव्हते.’

मी फोन ठेवला आणि आमची संदर्भ सेवेची नोंदवही काढली. मे महिन्यात आम्ही ३१ जणांना उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं होतं. नोंदवहीत ‘संदर्भित’ असा शिक्का होता, पुढचा रकाना कोरा. आमच्या दृष्टीने काम तिथे संपत होतं. आशाताईंना घरोघर विचारायला सांगितलं. ९ जण पोचलेच नव्हते. एकाकडे गाडीभाड्याला पैसे नव्हते, दोन म्हाताऱ्यांबरोबर जायला कुणी नव्हतं, एका बाईला वाटलं होतं की चिठ्ठी दिली म्हणजे गोळ्या तिथेच मिळतील, कुठे जायचं ते तिला कळलंच नव्हतं. एक जण छातीत दुखतं म्हणून पाठवलेला पंचावन्न वर्षांचा शेतकरी, पेरणी आटोपून जाऊ म्हणून थांबलेला. त्याला आम्ही दुसऱ्याच दिवशी गाडीने पाठवलं. तिथे त्याचा आजार निघाला, उपचार सुरू झाले, तो आज शेतात आहे. तो त्या कोऱ्या रकान्यात किती दिवस राहिला असता, हा विचार मला अजून सतावतो.

तेव्हापासून ‘पोचले का’ हा रकाना भरल्याशिवाय ते पान बंद होत नाही. तिसऱ्या दिवशी फोन, फोन नसेल तर आशाताई. एनक्यूएएसलाही हा पाठपुरावा लागतोच. मी तो मुद्दा आधी वाचला होता आणि पुढे गेले होते.

राज्याची तपासणी २० आणि २१ ऑगस्ट २०२४ ला झाली. ७८ टक्के. परीक्षकांनी एक गोष्ट कठोरपणे सांगितली: आमचे मार्च आणि एप्रिलचे रुग्ण समाधान फॉर्म एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने भरलेले होते. महिन्याला तीस फॉर्म भरायचे असतात. कामाच्या घाईत कुणीतरी बसून भरून टाकले होते. मला ते माहीत नव्हतं, पण सही माझी होती. मी तिथेच मान्य केलं. मागच्या तारखांची कागदपत्रं कधीही करू नका. ती ओळखू येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे पेशंटने जे सांगितलं असतं ते आपल्याला कळतच नाही. सप्टेंबरपासून हे काम आम्ही कॉलेजात शिकणाऱ्या गावातल्या दोन मुलींना दिलं. त्या दवाखान्याच्या बाहेर, फाटकापाशी विचारायच्या. पहिल्याच महिन्यात आमचे गुण पाचपैकी ४.४ वरून ३.६ वर आले. तो आकडा खरा होता. तक्रारी दोनच होत्या: औषधाच्या रांगेत ऊन लागतं, आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट समजत नाही.

दुसऱ्या तक्रारीवर भाऊंनीच उपाय काढला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सकाळच्या गोळीसाठी उगवता सूर्य, दुपारसाठी पूर्ण सूर्य आणि रात्रीसाठी चंद्रकोर काढायची. जेवणाआधी असेल तर रिकामं ताट, जेवणानंतर असेल तर भरलेलं. त्यांनी रबरी शिक्के करून आणले, सगळे मिळून ६५० रुपये, स्वतःच्या खिशातून. मी बिल मागितलं तर म्हणाले, ‘राहू द्या मॅडम, माझी आई शिकलेली नव्हती.’ कागद कुणाच्या उपयोगाचे असं विचारणारे हेच भाऊ.

सप्टेंबरमध्ये कागदपत्रं जिल्ह्यामार्फत राज्याकडे आणि पुढे दिल्लीला गेली. एकदा परत आली, कारण निर्देशांकांच्या तक्त्यातले महिने आणि अहवालातले महिने जुळत नव्हते. चूक आमची, दुरुस्तीला बारा दिवस. पाठवण्याआधी घरचं नसलेल्या एखाद्याकडून, म्हणजे शेजारच्या पीएचसीच्या क्लार्ककडून वगैरे, एकदा फाइल वाचून घ्या. मग परीक्षकांची तारीख आली ती १८ नोव्हेंबर. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, आमचे अर्धे लोक निवडणुकीच्या कामावर. विनंतीपत्र पाठवलं आणि ९, १० डिसेंबर मिळाली.

शेवटच्या आठवड्यात रंगरंगोटी करायची नाही असं मी ठरवलं होतं. करावी असा आग्रह खूप झाला. मी फक्त जाळी झाडून घेतली आणि सगळ्यांना दोन रात्री घरी झोपायला लावलं.

दोन परीक्षक आले, एक दक्षिणेकडच्या राज्यातल्या डॉक्टर आणि एक उत्तरेकडचे. गुणवत्ता समन्वयक ताईंनी दुभाष्याचं काम केलं. ते चार प्रकारे तपासतात: स्वतः बघतात, स्टाफला विचारतात, नोंदी वाचतात आणि पेशंटशी बोलतात. मी पहिल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी त्यांच्यामागे जात होते. अकराच्या सुमाराला त्या डॉक्टरांनी मला हसून सांगितलं की तुम्ही ओपीडी बघा, पेशंट थांबलेत. तेव्हा कुठे जीव थोडा भांड्यात पडला.

आमच्या सफाईच्या मावशी कंत्राटी आहेत. त्या वेळी त्यांचा दोन महिन्यांचा पगार ठेकेदाराकडे अडकलेला होता. तरी पहाटे साडेपाचला येऊन त्या उभ्या होत्या. परीक्षकांनी त्यांना तीन बादल्यांबद्दल विचारलं. मावशींनी तोंडाने उत्तर दिलंच नाही. पदर खोचला, मॉप उचलला, पहिल्या बादलीत साबणाचं पाणी, दुसऱ्या साध्या पाण्यात पिळला, तिसऱ्या जंतुनाशकात बुडवला आणि आतून दाराकडे, एकाही पावलाचा ठसा न उमटू देता, सगळी खोली पुसत बाहेर आल्या. मग म्हणाल्या, ‘ताई, ओल्यावर आता कुणी जाऊ नका.’ परीक्षक दाराबाहेर थांबले, फरशी वाळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. औषधाच्या रांगेतल्या एका आजींना परीक्षकांनी विचारलं, गोळ्या कशा घ्यायच्या. आजींनी कनवटीची पाकिटं काढली, चंद्रकोरीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘ही निजताना. ही भरल्या ताटाची.’ खिडकीतून भाऊ ऐकत होते, त्यांचे डोळे भरून आले. मग परीक्षकांनी विचारलं, ‘काही त्रास होतो का इथे?’ आजी म्हणाल्या, ‘डागदरीण चांगली हाय. पर उन्हात उभं ऱ्हाऊन चक्कर येती.’ ताईंनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि जसंच्या तसं भाषांतर केलं. तसंच करायला हवं होतं.

निकाल २४ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी ईमेलवर आला. ८६ टक्के. मी कॉलनीतल्या पायरीवर बसून तो मेल चार वेळा वाचला आणि सिस्टरांना फोन लावला. त्या बाळंतपणात होत्या, उचलला नाही. तासाभराने त्यांचाच आला: ‘मॅडम, मुलगी झाली, तीन किलो.’ मग मी निकाल सांगितला.

एकूण खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. शौचालय जिल्ह्याच्या निधीतून झालं, तो आकडा वेगळा. रुग्ण कल्याण समितीकडून आम्ही साधारण एक लाख चाळीस हजार खर्च केले. त्यात कॅलिब्रेशन, फलक, ट्रे, पडदे, बादल्या, अग्निशामक, झेरॉक्स आलं. झेरॉक्सचेच अकरा हजार गेले, तिथे हात आखडता घ्या. वेळ लागला पंधरा महिने. मिळालेल्या शेऱ्यांवर काम चालूच असतं, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी राज्याकडून पुन्हा तपासणी होते. आमच्याकडे त्यातली पहिली येत्या जानेवारीत अपेक्षित आहे. मधल्या काळात एका सिस्टरांची बदली झाली आणि नव्या आलेल्यांना आम्ही पहिल्या दिवशी टेबलावर झोपवलं.

बक्षिसाचा पहिला हप्ता यायला सप्टेंबर २०२५ उजाडला. तीन लाखांपैकी एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना वाटायचा असतो, बाकीचा दवाखान्यासाठी. समितीच्या ठरावात कंत्राटी आणि रोजंदारीवरच्या सगळ्यांची नावं आधीच घालून ठेवा, नाहीतर नंतर वाद होतो. आमच्या ठरावात मावशींचं नाव सिस्टरांच्या खाली, त्याच रकान्यात, तेवढ्याच रकमेसमोर आहे. उरलेल्या दोन लाख पंचवीस हजारांतून पहिलं काम कोणतं यावर बैठकीत चर्चा फार झाली नाही. सरपंचांनी बायोमेट्रिक यंत्र सुचवलं, भाऊंनी आजींचं वाक्य वाचून दाखवलं.

औषधाच्या खिडकीपासून फाटकापर्यंत बावीस फुटांची शेड आणि खाली दोन बाक. पत्रे परवा उतरवून घेतले, वेल्डर सोमवारी येतो आहे.